हवामान-तटस्थ शहरांसाठी संशोधक कसे घडवावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शहरांना हवामान-तटस्थ होण्यासाठी (म्हणजे हरितगृह वायूंचं उत्सर्जन खूप घटवून उरलेलं शोषून किंवा भरपाई करून मिटवण्यासाठी) मदत करतील असे संशोधक तयार करायचे, तर पीएचडीच्या तीन-चार वर्षांत त्यांना नेमकं काय शिकवावं? ऊर्जा किंवा स्थापत्य अभियांत्रिकीची पक्की बैठक पुरते, की आणखी काही लागतं? विचारणारे युरोपातल्या अनेक विद्यापीठांनी मिळून चालवायचा असा एक कार्यक्रम आखत आहेत आणि त्यांची पहिली तुकडी लवकरच रुजू होणार आहे.

मी बरीच वर्षं विद्यापीठ आणि नगरप्रशासन यांच्या मधल्या जागेत काम करतो. तिथून दिसतं ते सांगतो. उत्तर लांबणार आहे.

अभियांत्रिकीची बैठक लागतेच. उष्णता, वीज आणि वाहतूक यांचं गणित ज्याला जमत नाही त्याने शहराच्या उत्सर्जनावर सल्ला देऊ नये, इतकं मी कडक म्हणेन. पण शहरांचं काम गणितापाशी क्वचितच अडतं. इमारतीला इन्सुलेशन केलं की इंधन कमी लागतं, बसला स्वतंत्र मार्गिका दिली की ती वेळेवर पोचते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. काम अडतं ते एका इमारतीला चाळीस मालक असतात म्हणून, रस्ता खोदायचा खर्च कुणी उचलायचा यावर दोन विभागांचं जमत नाही म्हणून, किंवा ज्या कंपनीचं जाळं बदलायचं तिचा करार संपायला अजून बरीच वर्षं आहेत म्हणून. त्यामुळे माझं म्हणणं एकच आहे: प्रशिक्षण निर्णयांभोवती रचा. निर्णय कोण घेतं, वर्षातल्या कुठल्या महिन्यात घेतं, कुठल्या पैशातून घेतं आणि घेताना त्याच्यासमोर कुठला आकडा असतो, हे ज्या संशोधकाला सांगता येतं त्याचं गणिती मॉडेल वापरलं जातं. बाकीच्यांचं कपाटात जातं.

युरोपात हा प्रश्न आत्ता इतका तातडीचा का झाला ते आधी सांगायला हवं. युरोपीय संघाने २०३० पर्यंत १०० शहरं हवामान-तटस्थ करण्याचं मिशन हाती घेतलं. एप्रिल २०२२ मध्ये संघातली १०० आणि सहयोगी देशांतली १२ अशी ११२ शहरं निवडली गेली. प्रत्येक शहराने एक ‘हवामान शहर करार’ करायचा असतो. त्यात बांधिलकी, कृती आराखडा आणि गुंतवणूक आराखडा असे तीन भाग असतात. हा करार कायद्याने बंधनकारक नाही. तरी त्यावर शहरातल्या कंपन्या, विद्यापीठं, संस्था सह्या करतात आणि त्यामुळे कोण काय करणार हे निदान कागदावर येतं. तुमच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या महिन्यात असे दोन-तीन करार अथपासून इतिपर्यंत वाचावेत. कृती आराखड्यातल्या प्रत्येक ओळीसमोर लिहावं की हे पालिकेच्या हातात आहे, की राज्याच्या, की घरमालकांच्या. शहराच्या हद्दीतल्या उत्सर्जनाचा किती थोडा भाग पालिकेच्या स्वतःच्या इमारतींमधून आणि गाड्यांमधून येतो, हे त्या सरावातून जसं कळतं तसं कुठल्याच व्याख्यानातून कळत नाही.

आता हिशेबाकडे येतो. यावर जरा रेंगाळणार आहे, कारण इथे कच्चा राहिलेला संशोधक पुढे कुठेच भरवशाचा राहत नाही.

शहरासाठी हरितगृह वायूंचा ताळेबंद मांडण्याची जगभर वापरली जाणारी एक पद्धत आहे. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था आणि सी-४० व इक्ली ही शहरांची जागतिक जाळी यांनी ती २०१४ मध्ये आणली. तिच्यात उत्सर्जन तीन कक्षांत विभागतात. हद्दीत होणारं थेट उत्सर्जन, मुख्यतः जळणाऱ्या इंधनाचं, पहिल्या कक्षेत, बाहेरच्या जाळ्यातून आलेली वीज, वाफ आणि उष्णता दुसऱ्या कक्षेत, आणि शहरामुळे हद्दीबाहेर होणारं बाकीचं सगळं तिसऱ्या कक्षेत. ऐकायला सोपं वाटतं. मग विद्यार्थ्याला विचारा: शहराच्या रहिवाशाने पलीकडच्या गावात जाऊन गाडीत पेट्रोल भरलं आणि ते शहरात जाळलं, तर ते कुठे मोजायचं? पंपांवरच्या विक्रीवरून मोजलं तर एक आकडा येतो, वाहतुकीच्या मॉडेलवरून मोजलं तर दुसरा. दोन्ही पद्धती मान्य आहेत.

कचऱ्याचं उदाहरण याहून बोलकं आहे. कचराभूमीत गेलेला जैविक कचरा वर्षानुवर्षं मिथेन सोडत राहतो. एका पद्धतीत यंदा प्रत्यक्ष सुटलेला मिथेन मोजतात, म्हणजे वीस वर्षांपूर्वी टाकलेला कचराही यंदाच्या हिशेबात येतो. दुसऱ्या पद्धतीत यंदा टाकलेल्या कचऱ्यातून भविष्यात जो काही मिथेन निघेल तो सगळा यंदाच मोजतात. एखाद्या शहराने कचरा टाकणं आजपासून पूर्ण बंद केलं, तर दुसऱ्या पद्धतीत त्या खात्यावरचा आकडा लगेच शून्यावर येतो आणि पहिल्या पद्धतीत तो हळूहळू उतरत राहतो. हवेत जाणारा मिथेन दोन्हीकडे सारखाच. त्यावर आणखी एक थर आहे. मिथेनचा तापवण्याचा परिणाम १०० वर्षांच्या काळात मोजला तर कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट येतो, २० वर्षांच्या काळात मोजला तर सुमारे ८० पट. कोणता काळ धरायचा हा प्रश्न निव्वळ विज्ञानाचा राहत नाही.

म्हणून माझा आवडता सराव असा. तुकडीचे दोन गट करायचे, दोघांना एकाच शहराची कच्ची आकडेवारी द्यायची आणि एकमेकांशी न बोलता ताळेबंद मांडायला सांगायचं. आकडे जुळत नाहीत. मग दोन्ही गटांनी मिळून एक पानी टिपण लिहायचं: फरक कुठे पडला, त्यातला किती निवडलेल्या पद्धतीमुळे, किती गाळलेल्या माहितीमुळे आणि किती साध्या चुकीमुळे. हे टिपण लिहिता येणं मला पहिल्या पेपरपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. शहरात विरोधी पक्षाचा सदस्य नेमका हाच प्रश्न विचारतो आणि तेव्हा ‘मॉडेलमधून असं आलं’ हे उत्तर चालत नाही.

तटस्थ म्हणजे शून्य नव्हे, हेही इथेच शिकवायचं. मिशनच्या चौकटीत उत्सर्जन मोठ्या प्रमाणात घटवून उरलेला थोडा भाग शोषून किंवा भरपाई करून मिटवायची मुभा आहे. हा उरलेला भाग फार धोकादायक असतो. ज्या क्षेत्रात राजकीय त्रास जास्त ते क्षेत्र गुपचूप त्यात ढकललं जातं. विद्यार्थ्याने प्रत्येक आराखड्यात आधी तिकडे बघायची सवय लावून घ्यावी.

कोपनहेगनची गोष्ट मी दरवेळी शिकवतो. जगातली पहिली कार्बन-तटस्थ राजधानी व्हायचं, तेही २०२५ पर्यंत, असं त्या शहराने ठरवलं होतं. काम खरंच मोठं झालं. उत्सर्जन पुष्कळ खाली आलं, शहरभर पसरलेलं उष्णता-जाळं, म्हणजे केंद्रात तापवलेलं पाणी पाइपांतून घराघरांत पोचवणारी व्यवस्था, कोळशावरून हटलं. उरलेला भाग मिटवण्याचा मोठा भार मात्र एका प्रकल्पावर होता: कचरा जाळून वीज आणि उष्णता तयार करणाऱ्या आमागर बाके केंद्राच्या धुरातून कार्बन पकडायचा. हे केंद्र चालवणारी संस्था पाच पालिकांच्या मालकीची आहे. सरकारी निधीसाठी ठेवलेल्या आर्थिक निकषांत ती बसली नाही आणि ऑगस्ट २०२२ मध्ये शहराला जाहीर करावं लागलं की २०२५ चं लक्ष्य गाठता येणार नाही.

यातून विद्यार्थ्याने काय घ्यायचं? कार्बन पकडण्याचं रसायनशास्त्र इथे आडवं आलं नाही. संस्थेच्या भांडवलाची रचना आणि निधीच्या अटी यांचं जमलं नाही. आराखडा तपासणाऱ्या संशोधकाला संस्थेचा आर्थिक ताळेबंद वाचता येत असता आणि निविदेच्या अटींवर नजर टाकायची सवय असती, तर धोका आधी दाखवता आला असता. असे संशोधक कुठल्या विभागात तयार होतात? माझ्या माहितीत कुठल्याच एका विभागात होत नाहीत, आणि अनेक संस्थांच्या संयुक्त कार्यक्रमाची गरज त्यामुळेच पडते.

आता इमारती आणि उष्णता. युरोपातल्या बहुतेक शहरांत खरी लढाई इथे आहे. युरोपीय आयोगाच्या अंदाजानुसार आज उभ्या असलेल्या इमारतींपैकी ८५ ते ९५ टक्के इमारती २०५० मध्येही उभ्या असतील. ऊर्जा वाचवण्यासाठी होणाऱ्या दुरुस्तीचा वेग वर्षाला जेमतेम १ टक्का आहे. त्या वेगाने काम संपायला शतक लागेल. तेव्हा नव्या, चकचकीत, शून्य-ऊर्जा इमारतीवर आणखी एक थिसिस आला की मला कौतुकापेक्षा कंटाळा जास्त येतो. जुन्या इमारतींचं काय करायचं ते सांगा.

जुन्या इमारतींमध्ये मॉडेल पहिल्यांदा तोंडावर पडतं. इमारतीच्या ऊर्जा-प्रमाणपत्रावर लिहिलेला हिशेबी वापर आणि मीटरवरचा वापर यांत मोठी तफावत असते. जर्मनीतल्या घरांवरचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रहिवासी हिशेबापेक्षा सरासरी ३० टक्के कमी ऊर्जा वापरत असल्याचं दिसलं. घर जितकं गळकं तितकी ही तफावत मोठी, कारण माणसं खर्चाला घाबरून एकच खोली तापवतात, स्वेटर घालून बसतात. म्हणजे दुरुस्तीनंतर होणारी बचतही कागदावरच्या बचतीपेक्षा कमी. ज्या बँकेने कागदावरच्या बचतीच्या भरवशावर कर्ज दिलं तिचं गणित चुकतं, आणि हप्ता भरणाऱ्या कुटुंबाचंही. तुमच्या अभ्यासक्रमात इमारत-भौतिकीच्या शेजारी मीटरची नोंद वाचायला आणि घरात बसून रहिवाशाशी बोलायला शिकवणारी कार्यशाळा असलीच पाहिजे. दोन्ही कामं एकाच विद्यार्थ्याने करावीत. समाजशास्त्राचा वेगळा विद्यार्थी घेऊन ते काम त्याच्यावर सोपवलं, तर दोघांपैकी कुणालाच पूर्ण चित्र दिसत नाही.

दुसरा गुंता क्रमाचा. हीट पंपाचं, म्हणजे विजेच्या मदतीने बाहेरची उष्णता घरात आणणाऱ्या यंत्राचं, उदाहरण घ्या. बाहेर शून्य अंश आहे आणि घरात ३५ अंशांचं पाणी फिरवायचं आहे, तर भौतिकशास्त्राची कमाल मर्यादा एका युनिट विजेमागे सुमारे ८.८ युनिट उष्णता इतकी येते. ६५ अंशांचं पाणी हवं असेल तर ती ५.२ वर उतरते. प्रत्यक्षातलं यंत्र याच्या निम्म्याच्या आसपास किंवा कमीच देतं. म्हणजे आधी भिंती आणि खिडक्या नीट केल्या आणि मोठे रेडिएटर बसवले, तर कमी तापमानाचं पाणी पुरतं आणि पंप लहान लागतो. आधी पंप बसवला तर तो मोठा घ्यावा लागतो आणि पुढे इन्सुलेशन केल्यावर तो अवाजवी ठरतो. शहराच्या उष्णता-जाळ्याचंही तसंच. जुन्या जाळ्यांत पाणी ८० अंशांच्या वर असतं, नव्या रचनेत ते ५० ते ६० अंशांवर आणायचं असतं, कारण मग डेटा सेंटरची, सांडपाण्याची, कारखान्याची वाया जाणारी उष्णता वापरता येते. पण जाळ्याच्या शेवटच्या टोकाला एक जरी इमारत गळकी राहिली तरी तिच्यासाठी सगळं जाळं गरम ठेवावं लागतं. शिवाय नळाचं पाणी फार कोमट ठेवलं तर फुप्फुसांचा आजार करणारा लिजिओनेला जिवाणू वाढतो, म्हणजे आरोग्य विभागही चर्चेत आला.

आणि हे सगळं रस्त्याखाली आहे. पाण्याची, सांडपाण्याची वाहिनी, विजेची केबल, उष्णतेचे पाइप एकाच खड्ड्यात बसू शकतात, पण प्रत्येकाचं बदलण्याचं वेळापत्रक निराळं. एकदा डांबर पडलं की तो रस्ता पुन्हा खोदायची परवानगी वर्षानुवर्षं मिळत नाही. मला विचाराल तर शहराच्या ऊर्जा-आराखड्यातला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे रस्तेखोदाईचं पाच वर्षांचं वेळापत्रक. विद्यार्थ्याचं इष्टतमीकरणाचं, म्हणजे सर्वोत्तम पर्याय शोधणारं, मॉडेल त्या वेळापत्रकाला बंधन म्हणून घेत नसेल, तर त्याचं उत्तर कितीही सुबक असलं तरी अंमलात येणार नाही. हा कागद कुठल्याही संकेतस्थळावर बहुधा मिळत नाही. तो रस्ते विभागातल्या एखाद्या ज्येष्ठ अभियंत्याच्या एक्सेलमध्ये असतो आणि तो अभियंता ईमेलला उत्तर देत नाही. त्याच्याकडे जाऊन बसावं लागतं.

वाहतुकीवर थोडक्यात सांगतो, कारण इथे शिकवायची मुख्य गोष्ट मोजमापाची आहे. स्टॉकहोमने ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ या काळात शहराच्या मध्यभागात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या गाड्यांवर प्रायोगिक शुल्क लावलं. आधी लोकमत विरोधात होतं. शुल्काच्या भागाची सीमा ओलांडणारी वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली, प्रयोग थांबल्यावर ती बरीचशी परत आली. सप्टेंबरच्या सार्वमतात शहराच्या रहिवाशांनी थोड्या फरकाने शुल्काच्या बाजूने कौल दिला. शेजारच्या ज्या पालिकांनी स्वतःचं मतदान घेतलं तिथे बहुतेक ठिकाणी कौल विरोधात गेला. ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम झालं. हे शक्य झालं त्याचं एक मोठं कारण म्हणजे प्रयोग सुरू होण्याआधीच मोजमाप सुरू झालं होतं. आपल्याकडच्या बहुतेक प्रकल्पांत मूल्यमापनाचं पथक योजना लागू झाल्यावर नेमलं जातं, म्हणजे वरातीमागून घोडं. तुमच्या विद्यार्थ्यांपैकी निदान एकाने कारण-परिणाम तपासण्याच्या सांख्यिकी पद्धती खोलात शिकाव्यात, आणि त्याला शहराच्या पुढच्या योजनेत तिच्या आधी सहा महिने शिरकाव मिळवून द्यावा.

आता कार्यक्रमाच्या रचनेबद्दल. तुमचा कार्यक्रम युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी या संशोधक-प्रशिक्षण योजनेतलं डॉक्टरेट जाळं, म्हणजे अनेक संस्थांनी मिळून चालवलेला पीएचडी कार्यक्रम, असेल असं धरून बोलतो, कारण युरोपात असे कार्यक्रम बहुधा त्याच चौकटीत बसवतात. त्यात उमेदवार कुठल्याही देशाचा चालतो. मात्र नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत तो यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेला किंवा मुख्य काम करत असलेला नसावा. म्हणजे ज्या शहरावर तो काम करणार त्या शहराची भाषा त्याला बहुधा येत नसते! विज्ञानाच्या दृष्टीने ही अट चांगली, कारण माणसं आणि कल्पना फिरतात. पण पालिकेची बैठक, निविदा, रहिवाशांची सभा हे सगळं स्थानिक भाषेत चालतं. भाषेचे वर्ग पहिल्या दिवसापासून आणि कामाच्या वेळेत ठेवा. संध्याकाळी ऐच्छिक ठेवलेले वर्ग तिसऱ्या महिन्यात ओस पडतात.

या योजनेत उमेदवाराला आपल्या नेमणुकीच्या एक तृतीयांशापर्यंत काळ दुसऱ्या संस्थेत घालवता येतो. औद्योगिक प्रकारात तर निम्मा काळ विद्यापीठाबाहेर काढावाच लागतो. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी तीन संस्था, प्रत्येकी दोन महिने, अशी फोड केली जाते, आणि त्यातली पालिकेची पाळी हमखास उन्हाळ्यात येते, जेव्हा निम्मं कार्यालय सुट्टीवर असतं. मी असं सुचवेन की पालिकेतला मुक्काम सलग आणि लांब ठेवा आणि तो अंदाजपत्रकाच्या मोसमाला जोडा. अंदाजपत्रक तयार होतं त्या महिन्यांत कुठला प्रकल्प कसा छाटला जातो, कोण कुणाशी कशी तडजोड करतं, हे उमेदवाराला पाहायला मिळालं पाहिजे. त्याला बसायला जागा, पालिकेचा ईमेल आणि रोजच्या कामातलं एक लहानसं खरं काम द्या. निव्वळ पाहुणा म्हणून गेलेल्याला लोक सादरीकरणं दाखवतात, खऱ्या फाइल दाखवत नाहीत.

माहिती वापरण्याचे करार हा विषय रटाळ आहे आणि याच विषयावर सर्वात जास्त पीएचडी रखडतात. घराघरांतल्या मीटरची नोंद ही व्यक्तिगत माहिती ठरते आणि मे २०१८ पासून युरोपात त्यावर कडक नियम आहेत. वीज वितरण कंपनी, पालिका आणि विद्यापीठ यांचे वकील एकमेकांना मसुदे पाठवत राहतात. उमेदवाराचा करार ३६ महिन्यांचा आणि त्यातलं एक वर्ष यात गेलं, तर उरलं काय? हे करार उमेदवार नेमायच्या आधी तुम्ही, म्हणजे गाइडांनी, करून ठेवायचे. ते झालेले नसतील तर त्या माहितीवर आधारलेला विषय जाहिरातीत देऊ नका. आणि घराऐवजी इमारतीच्या किंवा गल्लीच्या पातळीवर एकत्र केलेली माहिती पुरते का हे आधी तपासा. बहुतेक प्रश्नांना पुरते.

जाळ्यातल्या दहा-पंधरा उमेदवारांचे विषय एकमेकांवर अवलंबून ठेवण्याचा मोह आवरा. प्रस्तावात ते छान दिसतं: पहिल्याने मागणीचं मॉडेल करायचं, दुसऱ्याने ते घेऊन वीजजाळ्यावरचा भार काढायचा, तिसऱ्याने त्यावर खर्चाचं गणित बसवायचं. पण सगळे एकाच महिन्यात रुजू होतात. तिसऱ्याच्या हाती काही येईपर्यंत त्याची दोन वर्षं संपलेली असतात. यावर उपाय साधा आहे. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून एका शहराचं ओबडधोबड, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालणारं मॉडेल बनवायचं, गृहीत आकड्यांवर. मग प्रत्येकाने आपापला तुकडा सुधारत न्यायचा. म्हणजे कुणी कुणासाठी थांबत नाही, आणि कुठल्या तुकड्यातली अनिश्चितता उत्तरावर सर्वात जास्त परिणाम करते हेही लवकर कळतं. कधीकधी असं दिसतं की ज्या तुकड्यावर एक पूर्ण पीएचडी ठेवली आहे त्याचा उत्तरावर फारसा परिणामच होत नाही. तेव्हा विषय बदलायचं धाडस गाइडने दाखवावं.

पैशाबद्दल निदान एक पूर्ण आठवडा ठेवा. शहराच्या तटस्थतेसाठी लागणारी बहुतांश गुंतवणूक पालिका करत नाही. ती घरमालक, कंपन्या, वाहतूक संस्था, ऊर्जा कंपन्या करतात. पालिकेवर कर्जाच्या मर्यादा असतात. भाड्याच्या घरात खर्च मालकाचा आणि बचत भाडेकरूची, त्यामुळे दोघेही हलत नाहीत. आणि मालक हललाच, तर सुधारलेल्या घराचं भाडं वाढवून जुन्या भाडेकरूला बाहेर काढण्याचा धोका असतो. ज्या वस्तीत उत्सर्जन घटलं तिथली माणसं स्वस्त आणि गळक्या घरांच्या शोधात शहराबाहेर गेली, तर शहराचा आकडा सुधारतो आणि उत्सर्जन फक्त हद्द ओलांडतं. न्यायाचा प्रश्न वेगळ्या प्रकरणात टाकून शेवटी हात न लावता ठेवण्याची पद्धत मला पटत नाही, ती या हिशेबामुळेच. तो मूळ गणितातच बसतो.

प्रोग्रॅमिंग, नकाशांवरचं विश्लेषण, दुसऱ्याला पुन्हा चालवता येईल असा कोड लिहिणं, हे सगळं लागतंच. आजचे विद्यार्थी ते बऱ्यापैकी स्वतःच शिकतात, त्यावर फार वेळ घालवू नका. त्यांना जमत नाही ते लिहिणं. दोन पानांत, आलेखाशिवाय, वित्त अधिकाऱ्याला कळेल असं. मी उमेदवाराला दरवर्षी एक असं टिपण लिहायला लावतो आणि ते खऱ्या अधिकाऱ्याकडे वाचायला देतो. त्यात तीन गोष्टी असायलाच हव्यात: तुम्ही यंदा काय ठरवायचं आहे, ते न ठरवल्यास कोणती वाट बंद होते, आणि माझा आकडा चुकला तर कुठल्या बाजूला चुकेल. तिसरी गोष्ट लिहिताना बहुतेकांचा घाम निघतो.

गाइडांबद्दल एक कडू गोष्ट. पालिकेतल्या सह-मार्गदर्शकाला ऑक्टोबरपर्यंत कामापुरता ठीक आकडा हवा असतो, विद्यापीठातल्या गाइडला दोन वर्षांनी उत्तम पेपर हवा असतो, आणि मध्ये उमेदवार भरडला जातो. हे भांडण सोडवण्याचं काम उमेदवारावर टाकू नका. सुरुवातीलाच लेखी ठरवा की थिसिसमध्ये पेपरांबरोबर पालिकेसाठी केलेलं एखादं साधन किंवा मूल्यमापन अहवाल धरला जाईल, आणि पालिकेला न आवडणारा निष्कर्ष निघाला तरी तो प्रसिद्ध करता येईल. दुसरी अट पालिकेकडून सही करून घ्या. शहराने हवामान करार केलेला असतो, महापौराने भाषणं केलेली असतात, आणि तुमचा उमेदवार सांगतो की बसमार्गाच्या योजनेने उत्सर्जन घटलं नाही. त्या दिवशी ती सही उपयोगी पडते.

पीएचडीनंतर यांनी जायचं कुठे, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण उमेदवार पहिल्याच मुलाखतीत विचारतील. पालिकांमध्ये अशा माणसांसाठी ठरावीक पद अजून फारसं नाही. काही सल्लागार कंपन्यांत जातात, काही ऊर्जा कंपन्यांत, थोडे विद्यापीठात राहतात. जे पालिकेत टिकतात ते बहुतेक वेळा मुक्कामाच्या काळात कुणाच्या तरी अडलेल्या कामाला उपयोगी पडलेले असतात. जाळ्यातल्या शहरांशी आत्ताच बोलून निदान एक-दोन ठिकाणी मुदतीचं पद ठेवता आलं, तर जाहिरातीला येणाऱ्या अर्जांचा दर्जाच बदलेल.

पहिली तुकडी निवडताना मुलाखतीत मी एक कागद पुढे ठेवतो: एखाद्या पालिकेच्या अंदाजपत्रकाचं एक पान, रस्ते आणि इमारतींच्या खात्याचं. यातली कुठली ओळ बदलली तर उत्सर्जनावर सर्वात जास्त परिणाम होईल, असं विचारतो. बरोबर उत्तराची अपेक्षा नसते. काही उमेदवार लगेच पर्यावरणाच्या खात्यावर बोट ठेवतात. काही आधी विचारतात की यातला किती खर्च जुन्या करारांनी बांधलेला आहे आणि कितीवर यंदा खरंच निर्णय होऊ शकतो. त्या दुसऱ्या गटातल्याला थर्मोडायनॅमिक्स थोडं कमी येत असेल तरी घ्या, ते शिकवता येतं.